डावखुरा पिचर आणि ४८ क्रेडिट्स

मी ह्यूस्टनजवळच्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे, म्हणजे पोरांचे विषय, मार्क, कॉलेजचे फॉर्म हे सगळं बघायचं. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पिचर म्हणजे साधारण आपला बोलर एवढ्या भांडवलावर मी बरीच वर्षं काढली.

एप्रिल २०२५. पहिल्याच तासाला बारावीतला एक डावखुरा पिचर केबिनमध्ये येऊन गप्प बसला. अकरावीत असताना एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटातल्या, युनिव्हर्सिटीनं त्याला टीममध्ये घ्यायचा तोंडी शब्द दिला होता, घरात त्यांच्या टोप्या, गाडीवर स्टिकर, सगळं झालेलं. आदल्या रात्री कोचचा फोन, तुला जागा नाही.

कारण असं की खेळाडूंना पैसे देण्यावरून एनसीएएशी, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेशी, चाललेल्या खटल्यात तडजोड होत होती. आधी बेसबॉलला एका टीममागं ११.७ स्कॉलरशिप, त्याच ३२ जणांत तुकडे करून वाटायच्या. नव्या नियमात सामील होणाऱ्या कॉलेजला सगळ्यांना पूर्ण स्कॉलरशिप देता येणार, पण टीम ४० वरून ३४ वर. कोर्टाचा शिक्का ६ जूनला बसला, पण कोच लोकांनी कात्री त्याआधीच काढलेली. आमचं पोरगं त्या कात्रीत सापडलं.

दुपारी आईवडील आले. वडील ट्रक चालवतात, घरातून कॉलेजला जाणारा हा पहिलाच. आता हातात दोन गोष्टी होत्या. एक दुसऱ्या राज्यातलं छोटं प्रायव्हेट, चार वर्षांचं, अर्धवट स्कॉलरशिप आणि वर्षाला १८ हजार डॉलर खिशातून. दुसरं टेक्सासमधलंच ज्युनिअर कॉलेज, फी, पुस्तकं, राहणं, जेवण सगळं फुकट. (आपल्याकडं ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, इथं ती बारावीनंतरची दोन वर्षं, मग युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर.)

वडील म्हणाले, "मिस, तिथं तर कोणालाही घेतात."

खरं सांगू, मी पण मनातून त्यांच्याच बाजूची. पोराला डिप्लोमाला टाकला म्हटलं की आमच्या साताऱ्यात शेजारीपाजारी कसं तोंड करायचे ते अजून डोळ्यांसमोर आहे.

पोरगं पहिल्यांदा बोललं ते एवढंच, "त्या प्रायव्हेटमध्ये सगळे पिचर थर्ड इयर, फोर्थ इयरचे आहेत, मी बाकावरच बसणार. ज्युनिअर कॉलेजात मला टाकायला इनिंग मिळतील."

मग आमच्या शाळेचा कोच आला आणि त्यानं भलताच बॉम्ब टाकला. रॉजर क्लेमन्स आणि अँडी पेटिट, बेसबॉलमधले दोन नामांकित पिचर, दोघं ह्यूस्टनच्याच सॅन हसिंटो या ज्युनिअर कॉलेजात खेळलेले. शिवाय चार वर्षांच्या कॉलेजात गेलास तर तीन वर्षं होईपर्यंत किंवा २१ वय होईपर्यंत मेजर लीगच्या (बेसबॉलची सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, तुला कोणी उचलू शकत नाही, ज्युनिअर कॉलेजमधून दरवर्षी उचलू शकतात. वडिलांचा चेहरा असा काही उजळला की मला धडकीच भरली. सकाळपासून नको असलेलं कॉलेज पाच मिनिटांत हवंसं झालं, आणि तेही चुकीच्या कारणासाठी. ड्राफ्ट २० राउंडचा असतो हो, पण पोरं किती!

म्हटलं थांबा जरा, आता माझं ऐका. याला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचंय. दोन वर्षांनी डिव्हिजन वनला जाऊन खेळायचं तर तिथल्या डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण झालेला लागतो, १२० क्रेडिट्सची (विषय पास झाला की त्याचे ठरावीक क्रेडिट्स जमा होतात) डिग्री धरली तर ४८, आणि जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी ग्रेड, २.५. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत ४२ क्रेडिट्सचा कोअर कोर्स, म्हणजे सगळ्यांना सामायिक असलेले मूलभूत विषय, एकमेकांकडं चालतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की झालंच, सहाच तर उरले. पण इंजिनिअरिंगला त्या कोअरमधलं सगळं कामाला येत नाही, कॅल्क्युलस आणि फिजिक्स वेळेत नाही घेतलं तर हातात ६० क्रेडिट्स असूनही डिग्रीत मोजले जाणारे ३५ भरतात. वेट ट्रेनिंगसारखे क्लास तर विसराच. आणि ही मुलं सीझनमध्ये निम्मा आठवडा बसमध्ये असतात.

दोन युनिव्हर्सिट्यांचे डिग्री प्लॅन प्रिंट काढले आणि आम्ही चौघं तिथंच जमिनीवर कागद पसरून एकेका सेमिस्टरला काय घ्यायचं ते लिहीत बसलो, कोच निघून गेला होता. फॉल सेमिस्टरला, म्हणजे मॅच कमी असतात तेव्हा, जड विषय, स्प्रिंगला हलके. तिसऱ्या सेमिस्टरला फिजिक्स आणि लॅब, तिथं वडीलच म्हणाले, लॅब शुक्रवारी नको, शुक्रवारी हे प्रवासात असतील. ५१ भरले.

आई तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. उठताना तिनं विचारलं, रविवारी रात्री मेस चालू असते का? मी ज्युनिअर कॉलेजला फोन लावला. बंद असते. ती म्हणाली, मग रविवारी मी डबा घेऊन जाईन, दोन तासांचा तर रस्ता आहे. प्रायव्हेटचा विषय त्यानंतर कोणी काढलाच नाही.

ऑक्टोबरमध्ये त्याचा मेसेज आला. प्रॅक्टिस मॅचमध्ये चार इनिंग टाकल्या, कॅल्क्युलसला बी ग्रेड आहे, आणि खाली, "मिस, टीममधली सगळी पोरं त्या पिना पाडायच्या बोलिंगचा क्लास घेतायत, ते क्रेडिट धरतात का?"

नाही धरत, लिहून पाठवलं.