फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचाय? आधी हिशोब, मग कागद, किल्ली सगळ्यात शेवटी

दिवाळीपासून आमच्या भाच्याचं एकच टुमणं चालू आहे, मावशी वाकडला टू बीएचके बघतोय, घेऊन भाड्याने देऊन टाकतो, हप्ता काय भाड्यातूनच फिटेल. मी त्याला म्हटलं कागद-पेन घे आणि समोर बस. गेली बरीच वर्षं मी पुण्यात घरं भाड्याने देते, त्यामुळे नातेवाईकांत माझा नंबर या कामासाठी फिरत असतो आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

तर हिशोब. समजा फ्लॅट ७० लाखाचा आहे. लोन ३० ते ७५ लाखाच्या मधे असेल तर बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ५६ लाख. उरलेले १४ तुमचे. पण स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन बँक त्यात धरत नाही हे बऱ्याच जणांना टोकन देऊन झाल्यावर कळतं. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार (बाईच्या नावावर घेतलं तर ड्युटीत १ टक्का सूट आहे, ती घ्या, ७० लाखावर ७० हजार वाचतात). एजंटची दलाली, पंखे, गीझर, किचन ट्रॉली, जाळ्या वेगळ्या. थोडक्यात खिशातून २० लाखाच्या वरच जातात.

आता ५६ लाखाला साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता बसतो साधारण ४८,६०० रुपये. आणि भाडं? समजा २२ हजार. वर्षाचे २ लाख ६४ हजार असं लगेच गुणून मोकळे होऊ नका, कारण दोन भाडेकरूंच्या मधे घर रिकामं राहतंच, एक महिना तरी धरा, राहिले २ लाख ४२ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३८ हजार, मालमत्ता कर १४ हजार धरू, दर दोन वर्षांनी एजंटला एका महिन्याचं भाडं म्हणजे वर्षाला ११ हजार, रंग आणि बारीकसारीक दुरुस्ती १५ हजार. हातात उरले १ लाख ६४ हजार. घराला एकूण लागले ७५ लाख २० हजार, त्यावर हे सव्वादोन टक्केसुद्धा होत नाहीत. साधी एफडी याच्या दुपटीहून जास्त देते. आणि हप्ता आणि हातात पडणारं भाडं यातला फरक महिन्याला ३५ हजाराच्या आसपास, तो पगारातून घालायचा, वीस वर्षं.

भाचा गप्प बसला. मग म्हणाला पण किंमत वाढेल ना. वाढेलही. पण मग तू भाड्यासाठी नाही, किंमत वाढेल या आशेवर घेतोयस, एवढं स्वतःशी कबूल कर आणि तसं लोकेशन बघ, तसं लोन घे. माझं स्पष्ट मत आहे की भाड्यासाठीच घ्यायचं असेल तर लोन निम्म्याच्या आत पाहिजे आणि हाताशी सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पाहिजेत, नाहीतर एक भाडेकरू सोडून गेला की झोप उडते.

मालमत्ता करावरून आठवलं, पुणे मनपात स्वतः राहात असाल तर जी ४० टक्के सवलत मिळते ती घर भाड्याने दिलं की मिळत नाही. आधीच्या मालकाचं बिल बघून आकडा धरू नका.

घर कोणतं घ्यायचं तर स्वतःला आवडलेलं घेऊ नका, ते तुम्ही राहायला घेत नाही आहात. क्लब हाऊस आणि स्विमिंग पूलवर भाडेकरू फारसं जास्त भाडं देत नाही, मेंटेनन्स मात्र तुम्हाला महिन्याच्या महिन्याला भरावा लागतो. मला विचाराल तर बसस्टॉप किंवा मेट्रोपासून चालत जाता येईल अशा जागी पंधरा-वीस वर्षं जुन्या पण नीट ठेवलेल्या बिल्डिंगमधला वन बीएचके हा नवशिक्यासाठी सगळ्यात बरा, किंमत कमी, भाडं मात्र त्या मानाने चांगलं आणि रिकामा फार राहात नाही. आणि पाणी! मार्च ते जूनमधे एखाद्या दुपारी जाऊन वॉचमनला विचारा दिवसाला किती टँकर येतात. वाघोली, उंड्री, बाणेरच्या वरच्या बाजूला हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका, कारण टँकरचा खर्च मेंटेनन्समधे येतो आणि पाण्याला वैतागून भाडेकरू जातात ते वेगळंच.

बांधकाम चालू असलेलं घ्यायचं तर ५ टक्के जीएसटी आहे (४५ लाखापर्यंतच्या ठरावीक आकाराच्या छोट्या घरांना १ टक्का), ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. शिवाय पझेशन मिळेपर्यंत भाडं शून्य आणि हप्ता चालू. महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून पझेशनची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते बघा, ब्रोशर बघू नका. रजिस्टर्ड ॲग्रीमेंट केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांहून जास्त पैसे घेऊ शकत नाही, कोणी चेक मागितला तर हे आठवा. आणि भाव कायम कार्पेटवर (भिंतींच्या आतली वापरायची जागा) काढा, सेलेबल बिलेबल (जिना, लॉबी धरून फुगवलेलं क्षेत्रफळ) सोडून द्या. रिसेलला ओसी, इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, आणि स्वतःच्या वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि कर्जबोजा तपासल्याचा). एजंटच्या वकिलाकडून नाही. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याचा १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापून भरायचं काम घेणाऱ्याचं असतं, हेही लोक विसरतात आणि मग नोटीस येते.

आता माझा आवडता विषय, ॲग्रीमेंट. अजूनही लोक स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारतात आणि म्हणतात अकराच महिन्यांचं आहे हो, रजिस्टर कशाला. बाकीच्या बऱ्याच राज्यांत वर्षाच्या आतल्या भाडेकराराला रजिस्ट्रेशन लागत नाही, तिथून हे अकरा महिन्यांचं खूळ आलंय. महाराष्ट्रात चालत नाही! आपल्याकडे १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे मग तो अकरा महिन्यांचा असो नाहीतर पाच वर्षांचा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. केलं नाही तर ५ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे करार रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. म्हणजे भाडं २२ हजार ठरलं होतं आणि तो म्हणाला ८ हजार, तर बसा सिद्ध करत.

खर्च तरी किती आहे, बघा. दोन वर्षांचं भाडं ५ लाख २८ हजार, डिपॉझिट ६६ हजार असेल तर त्यावर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, दोन वर्षांचे १३,२००, दोन्ही मिळून त्याच्या पाव टक्का, १,३५३ रुपये स्टॅम्प ड्युटी. वर शहरात १ हजार रजिस्ट्रेशन फी. आधार आणि अंगठा, सगळं ऑनलाइन, माणूस मशीन घेऊन घरी येतो त्याचे काय ते हजार-पंधराशे. एवढ्यासाठी नोटरी करणाऱ्यांचं मला खरंच कळत नाही.

लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार, हल्ली घरं यावरच देतात) रजिस्टर असेल तर मुदत संपून माणूस हलला नाही तरी रेंट कोर्टात वर्षानुवर्षं जायला नको, त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी नेमलेला सरकारी अधिकारी) अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट भाडं मागता येतं. आता हे काय आठवड्यात होत नाही, सरकारी काम आहे, पण हातात काहीतरी असतं. आणि तोपर्यंत लाईट तोडणं, कुलूप बदलणं असले उद्योग करू नका, केस उलटी तुमच्यावरच येते.

बारा वर्षांत भाडेकरू मालक होतो ही पण एक अफवा प्रत्येक लग्नात कोणीतरी काका सांगतातच. बारा वर्षांचा नियम मालकाला न जुमानता कब्जा करून बसलेल्यासाठी आहे, तुमच्या परवानगीने भाडं देऊन राहणाऱ्यासाठी नाही. फक्त करार वेळेवर रिन्यू करत जा आणि भाडं बँकेतच घ्या, रोख अजिबात नको.

करारात काय घालायचं? लॉक-इन (ज्या काळात घर सोडायचं नाही) किती महिने, नोटीस किती (एक महिना दोन्हीकडून, मला पुरतो), दर वर्षी भाडं किती टक्के वाढणार, सोडताना रंगाचे पैसे कापणार की नाही आणि कापणार तर किती, मेंटेनन्स कोण भरणार, पाळीव प्राणी, आणि घरातल्या वस्तूंची यादी. यादीत गीझरची कंपनी आणि पंखे किती ते सुद्धा. किल्ली द्यायच्या आधी भाडेकरूसमोर सगळ्या घराचा व्हिडिओ काढा, नळ उघडून, फ्लश ओढून, ट्रॉल्या उघडून, आणि त्याला लगेच व्हॉट्सॲपवर पाठवा. लाईटच्या मीटरचा फोटोही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरायची, दहा मिनिटांचं काम आहे, नाही भरली तर गुन्हा मालकावर दाखल होऊ शकतो.

सोसायटीला कराराची कॉपी आणि पोलिसांकडच्या माहितीची कॉपी द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहात नाही म्हणून सोसायटी घेते तो) लावतात तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, २००१ पासून सरकारचा आदेश आहे, आणि १० टक्के सर्व्हिस चार्जेसचे, अख्ख्या बिलाचे नाहीत. मनपाचा कर त्यात येत नाही. काही कमिट्या मनाला येईल तो आकडा लावतात, बिल मागा आणि आदेश दाखवा, भांडू नका, त्याच कमिटीकडे उद्या लीकेजची तक्रार घेऊन जायचंय.

भाडेकरू निवडताना लोक जात, आडनाव, खातात काय, बॅचलर आहे का हे बघतात. मला विचारायचं असतं ते एवढंच की नोकरी कुठे, आधीचं घर का सोडलं, आणि आधीच्या मालकाचा नंबर. तो फोन मी नक्की करते. माझे सगळ्यात नीट राहिलेले भाडेकरू तीन नर्स मुली होत्या, त्यांना त्याच बिल्डिंगमधे दोन मालकांनी बॅचलर म्हणून नाही म्हटलं होतं. डिपॉझिट पुण्यात दोन-तीन महिन्यांचं चालतं. हेवी डिपॉझिट, म्हणजे दहा-पंधरा लाख घेऊन भाडं नाही किंवा नावाला, यात नवीन माणसाने पडू नये, ते पैसे परत करायची वेळ येते तेव्हा बहुतेकांनी ते दुसरीकडे घातलेले असतात.

आणि ऑनलाइन जाहिरात टाकली की अर्ध्या तासात एक फोन येईल, मी आर्मीत आहे, पुण्याला बदली झालीय, घर न बघताच फायनल, डिपॉझिट लगेच पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा. ठेवून द्या फोन. पैसे घ्यायला स्कॅन पण करावं लागत नाही आणि पिन पण टाकावा लागत नाही.

टॅक्सचं थोडक्यात. मिळालेल्या भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा, उरलेल्याच्या ३० टक्के दुरुस्तीसाठी म्हणून सरसकट वजा (पावत्या मागत नाहीत), मग लोनचं व्याज वजा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याजच पावणेपाच लाखाच्या आसपास आहे म्हणजे कागदावर तोटाच. जुन्या रिजीममधे हा तोटा वर्षाला २ लाखापर्यंत पगारातून वजा होतो, नव्यात होत नाही, आणि एजंट टॅक्स वाचेल म्हणून घर विकतो तेव्हा हे सांगत नाही. महिन्याचं भाडं ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस कापायचा असतो. मालक परदेशात असेल, आमच्या घरात अर्धे जण न्यू जर्सीला आहेत म्हणून सांगते, तर ५० हजारांची मर्यादा लागूच नाही, भाडं कितीही असलं तरी भाडेकरूने ३० टक्के आणि वर सेस कापायचा, आणि मग तुम्ही इथे रिटर्न भरून जास्तीचे परत मागायचे. करार करायच्या आधी भाडेकरूला हे सांगा, नंतर कळलं की तो घाबरून पळतो.

दुरुस्तीचा फोन आला की दोन दिवसांच्या आत माणूस पाठवा. पावसाळ्यात बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला ओल आली तर वरच्या फ्लॅटवाल्याला आणि सोसायटीला लेखी कळवा, तोंडी नाही. प्लंबर, इलेक्ट्रिशियन असे दोन नंबर भाडेकरूलाच देऊन ठेवा आणि हजार रुपयांपर्यंतचं काम तू कर, बिल पाठव, भाड्यातून वजा कर असं सांगा, निम्मे फोन बंद होतात. आणि न सांगता घर बघायला जाऊ नका हो, घर तुमचं असलं तरी संसार त्यांचा चालू असतो तिथे.

घर सोडताना व्हिडिओ समोर ठेवून एकत्र फिरायचं, लाईट, गॅस आणि सोसायटीचं शेवटचं बिल बघायचं, काही कापायचं असेल ते तिथेच बोलायचं आणि उरलेलं डिपॉझिट त्याच दिवशी किल्ली हातात घेताना ट्रान्सफर करायचं. पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा आणि अंदाजे रक्कम तेवढीच मागे ठेवा, बिल आलं की हिशोब पाठवून द्या.