गाडी ठोकली आणि मी आधार कार्ड वाटत सुटले

गेल्या महिन्यात चांदणी चौकाच्या अलीकडे मला मागून एकाने ठोकलं आणि मी गेले पुढच्या टेम्पोवर. बॉनेट दुमडलं, समोरची काच तडकली, पण कुणाला काही लागलं नाही, त्यामुळे गाडीचं रडगाणं इथे गात नाही. रडगाणं आहे ते नंतरच्या दहा मिनिटांचं.

मागच्या गाडीतले काका उतरले तेच ओरडत, "ओ मॅडम, असा ब्रेक मारतात का? आधार दाखवा तुमचं!" आता ठोकलं त्यांनी, आधार माझं कशाला? पण हात इतके थरथरत होते की मी गुपचूप पर्स उघडली आणि कार्ड दिलं. काकांनी पुढून मागून फोटो काढला, मग टेम्पोवाला म्हणाला ताई मलापण लागेल, त्यानेही काढला. घरचा पत्ता तर मी न विचारता सांगितला, विंगसकट!!

घरी आल्यावर नवऱ्याने डोक्यालाच हात लावला. मग रात्री बसून वाचलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्ये ड्रायव्हरने काय करायचं ते सरळ लिहिलंय, पोलिसांनी विचारलेली माहिती द्यायची, पोलिस नसतील तर 24 तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवायचं आणि आपल्या इन्शुरन्स कंपनीला कळवायचं. रस्त्यावरच्या काकांना आधार द्या असं कुठेही नाही. बरं समोरच्याला खरंच भरपाई मागायची असेल तर कलम 160 खाली त्याला माझं नाव पत्ता पोलिसांकडून किंवा आरटीओकडून रीतसर मिळतो की. म्हणजे तिथे नाव, गाडीचा नंबर, इन्शुरन्स कंपनी आणि पॉलिसी नंबर एवढं पुरे होतं, फोन नंबर द्यावासा वाटला तर द्या. लायसन्स आणि आरसी पोलिसांना डिजिलॉकरमधून दाखवलं तरी चालतं, पर्स उघडायचीच गरज नाही. आणि कुणी अडूनच बसला तर मास्क्ड आधार, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. मी आता तेच फोनमध्ये ठेवलंय आणि एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून टाकलंय. (उशिरा सुचलेलं शहाणपण, माहितीये.)

चौथ्या दिवशी फोन. "मॅडम, सर्व्हेअर बोलतोय, क्लेमची फाईल अडकलीये, लिंक पाठवलीये त्यावरून ॲप टाका." गाडीचा नंबर बरोबर, माझं नाव बरोबर, अपघाताची तारीखसुद्धा बरोबर! माहिती कुठून फुटली देव जाणे, एक हेल्मेटवाला पोरगा तिथे व्हिडिओ काढत होता आणि तो नंबरप्लेटसकट तीन सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला होता, त्यामुळे कुणा एकाचं नाव कसं घेणार. व्हॉट्सॲपवर बघितलं तर फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायची फाईल. फोन कट केला, पॉलिसीवर छापलेल्या नंबरला स्वतः फोन लावला, तर माझी फाईल कुठेच अडकलेली नव्हती. पैसे गेले नाहीत म्हणून वाचले, गेले असते तर लगेच 1930 ला फोन करायचा, तो सायबर फ्रॉडचा हेल्पलाइन नंबर आहे.

पण मला सगळ्यात हादरवलं ते गॅरेजने. गाडी सोडून आले आणि रात्री आठवलं, डॅशबोर्डच्या कप्प्यात लाइट बिल, सही केलेला एक चेक आणि लेकीचं शाळेचं आयकार्ड, म्हणजे तिचा फोटो, वर्ग, ब्लड ग्रुप, माझा नंबर, सगळं. सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. गाडीच्या स्क्रीनवर माझा फोन जोडलेला होता, म्हणजे सगळे कॉन्टॅक्ट तिथे जसेच्या तसे, "आई घर" पासून "दूधवाले भाऊ" पर्यंत. ते डिलीट केलं. आणि काच? काच बदलून झालेली, जुनी मागे भंगारात उभी, तिच्यावर माझा फास्टॅग चालू अवस्थेत चिकटलेला. तिथूनच बँकेला फोन करून बंद करायला लावला, भंगारातला पोरगा बघत होता की ही बाई स्टिकरसाठी एवढी का भांडतीये.

काकांना मी मेसेज केला होता की माझ्या आधारचा फोटो प्लीज डिलीट करा. अंगठा आला. डिलीट केला की नाही कोण जाणे, पण नंबर काही डिलीट केलेला नाही, कारण आता रोज सकाळी सहा वाजता गुलाबाचं फूल येतं, खाली सुविचार.