हात मोजायचं काम

मी नाशिक महापालिकेचं बीट करायचो, म्हणजे तिथल्या बातम्या लिहायचो, तेव्हाची गोष्ट, सप्टेंबर 2014. राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, महापौराची निवडणूक होती आणि माझं काम एकच, हात मोजायचे. गुप्त मतदान नसतं, नगरसेवक हात वर करतात, कोण कुठे गेलं ते सगळ्यांसमोर दिसतं.

2012 च्या महापालिका निवडणुकीचे आकडे मला पाठच होते. 122 जागा, बहुमताला 62, मनसे 40. त्याआधी 2009 ला शहरातल्या तीन आमदारक्या त्यांनी जिंकलेल्या, त्यामुळे मनसेची पोरं अक्षरशः वेडी झाली होती, आता नाशिक बदलणार म्हणून. पण 40 म्हणजे काय 62 नाही ना. भाजपने साथ दिली, यतीन वाघ महापौर झाले, आणि तेव्हा मीपण फार उमेदीने बातमी लिहिली होती.

मग लोकसभा आली, नाशिकमध्ये मनसेचा उमेदवार शिवसेना-भाजप युतीच्याच विरोधात उभा राहिला, पुढे विधानसभा तोंडावर, महापौराची अडीच वर्षांची पहिली टर्म संपत आलेली, आणि महापालिकेतली भाजपची ती सोबत मोडलीच. त्या दिवशी मनसेचे अशोक मुर्तडक उभे होते आणि त्यांच्यासाठी काँग्रेस, राष्ट्रवादीचे हात वर गेले. माझ्या 2012 च्या वहीत हेच लोक 'विरोधक' म्हणून लिहिलेले होते. मोजताना मी दोनदा चुकलो, परत पहिल्यापासून सुरुवात केली. सिंहस्थ कुंभमेळा वर्षावर आलेला, सत्ता कोणाकडे तरी हवीच होती हे मला कळतं, पण पोटात तुटलं ते तुटलंच.

बाहेर आलो तर गेटजवळ एक जुना कार्यकर्ता उभा, अंगावर गुलाल. 2012 च्या प्रचारात समोरच्या पार्टीच्या पोरांशी त्याची मारामारी झाली होती, केस पडली होती. मी म्हटलं, "दादा, अभिनंदन." तर म्हणाला, "भाऊ, ज्यांच्याशी भांडलो त्यांनी आत्ता मिठी मारली मला. माझी कोर्टाची तारीख मात्र पुढच्या आठवड्यात आहे, तिथं कोण येणार सांगा?"

मला काहीच बोलता आलं नाही. पुढच्याच महिन्यात मनसेच्या तिन्ही आमदारक्या गेल्या, 2017 ला महापालिकेत 40 चे 5 झाले आणि भाजपचे एकट्याचे 66. हे सगळं मीच लिहिलं.

त्याचं वाक्य मी त्या संध्याकाळी बातमीत घातलं होतं. जागा नव्हती म्हणून डेस्कवर कापलं गेलं, फक्त मतांचा आकडा छापून आला.