क्लांग खोऱ्यात हलाल निकषांनुसार गोदामाची जागा शोधताना

क्वालालंपूर आणि भोवतालच्या क्लांग खोऱ्यात भाजी, मासे, कोंबडी आणि दूध घरपोच देणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीत मी साठवण आणि वाहतुकीचे काम पाहतो. नव्या गोदामासाठी शाह आलम, पुचोंग आणि सुंगाई बुलोह येथील जागा आमच्या यादीत होत्या. भाडे, ग्राहकांपर्यंतचे अंतर, संध्याकाळी फेडरल हायवेवर होणारी कोंडी हे सगळे हिशेब विनासायास झाले. कॅमेरॉन हायलँड्सची भाजी उत्तरेकडून येते आणि सेलायांगचा घाऊक बाजारही त्याच बाजूला आहे, त्यामुळे सुंगाई बुलोहची जागा पहिल्या क्रमांकावर आली. शिवाय तेथे तयार शीतगृह होते, आणि आमचे काम नेमके तेथेच अडले.

त्या शीतगृहात आधीचा भाडेकरू काय ठेवत होता, एवढे लेखी द्यावे, अशी मागणी मी जागामालकाच्या दलालाकडे केली. 'गोठवलेला माल' यापलीकडे त्याने उत्तर दिले नाही. पुन्हा विचारले तेव्हा फरशी नवी करून देण्याची तयारी दाखवली, त्यानंतर भाडे उतरवले. पत्र मात्र दिले नाही. जुन्या भाडेकरूच्या व्यवसाय परवान्याची प्रत मागितली, तर ती शोधावी लागेल असे सांगून अनेक आठवडे घालवले. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण हा प्रश्न कागदोपत्री सोपस्काराचा नव्हता.

शीतगृहात डुकराचे मांस ठेवले गेले असेल, तर साबण किंवा जंतुनाशकाने केलेली स्वच्छता मलेशियाच्या मानकांनुसार पुरेशी ठरत नाही. तेथे 'सर्तू' करावे लागते, म्हणजे सात वेळा धुवायचे आणि त्यांपैकी एकदा स्वच्छ माती कालवलेल्या पाण्याने. हे अधिकृत यंत्रणेच्या देखरेखीखाली व्हावे लागते. एम. एस. १५०० या हलाल अन्नाच्या मलेशियन मानकात तर उत्पादनाची साखळी एकदा हलाल केल्यावर पुन्हा डुकराच्या मालाकडे आणि परत हलालकडे फिरवण्याची मुभाच नाही. मोकळी शेड धुणे वेगळे आणि पॅनेलचे सांधे, सांडपाण्याची गटारे व छताला टांगलेली शीतयंत्रे असलेली उणे १८ अंशांची खोली धुणे वेगळे. ती आधी बंद करून सामान्य तापमानाला आणावी लागते. इतिहासच ठाऊक नसताना ही जोखीम घेऊन वर भाडेही सुरू करायचे, हे मला मान्य नव्हते.

कार्यालयात एक सूचना आली की प्रत्येक जागेला भाडे, अंतर, रस्ता आणि हलाल अनुकूलता यांसाठी गुण द्यावेत आणि बेरीज पाहावी. मी तिला ठाम विरोध केला. बेरजेत स्वस्त भाडे दुसरीकडची उणीव भरून काढते, आणि ही उणीव तशी भरून निघणारी नाही. हलालची अट आधी लावून तीत न बसणाऱ्या जागा बाद कराव्यात आणि उरलेल्यांनाच गुण द्यावेत, हे अखेर मान्य झाले. फोनवरून कोंबडी मागवणारे मुस्लिम कुटुंब आमचे गोदाम कधीच पाहत नाही, ते केवळ आमच्या शब्दावर अन्न घरात घेते, असे मी बैठकीत सांगितले होते आणि आजही माझे हेच मत आहे.

पत्र आले नाही, म्हणून ती जागा सोडली. शाह आलमला पूर्वी कागद साठवलेली शेड घेतली आणि शीतगृह स्वतः बांधले. भाडे अधिक आहे आणि पहाटे भाजीच्या गाड्यांना लांबून यावे लागते, तरी या निर्णयाचा मला अभिमान आहे.

पाहणी रात्रीही करावी, हे सांगायचे राहिले. औद्योगिक वसाहतीत राखणीची कुत्री असतात आणि दिवसा ती बांधलेली असल्याने नजरेत येत नाहीत. मानकानुसार प्राण्यांना आवारात येऊ देता येत नाही. लोडिंग डॉक शेजारच्या गाळ्याशी सामायिक आहे का, हे मालकाला न विचारता तेथील हमालांना विचारावे. एम. एस. २४०० या हलाल पुरवठा साखळीच्या मानकाच्या गोदामविषयक भागात हलाल आणि इतर माल वेगळा राखण्यावर भर आहे, आणि सामायिक डॉकवर ते जवळजवळ अशक्य होते. शेजारचा गाळा पुढे कोणाला द्यायचा याविषयीचे कलम भाडेकरारात सही करण्यापूर्वीच घालून घ्यावे. आमच्या नव्या मालकाने ते पहिल्याच भेटीत स्वीकारले.