जागावाढीला मी विरोध का केला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. व्याख्यान संपल्यावर, कुणाच्या लग्नात, परवा तर बँकेच्या रांगेतसुद्धा हाच प्रश्न आला: "सर, तुम्ही स्वतः 'कमवा आणि शिका'तून शिकलात. मग विद्वत परिषदेत, म्हणजे विद्यापीठाचे शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या सभेत, पदव्युत्तर विभागांच्या जागा 20 टक्क्यांनी वाढवायचा ठराव आला, तेव्हा विरोध का केलात?" यातला न बोललेला भाग मला ऐकू येतो. याचं भागलं, आता हा दुसऱ्यांच्या पोरांची वाट अडवतोय.

गुणवत्ता घसरेल म्हणून मी विरोध केला, असं अनेकांनी परस्पर ठरवून टाकलं. सभेत मी तो शब्दही उच्चारला नव्हता. कटऑफ दोन टक्क्यांनी खाली आल्याने कुठलाही विभाग बुडत नाही. 30 जणांसाठी बांधलेल्या प्रयोगशाळेत 36 जण उभे केले की मात्र मागच्या मुलांना उपकरणाला हात लावायला मिळत नाही. तेही मी बोललो. पण माझं खरं कारण वेगळं होतं.

ठरावाच्या आदल्या वर्षी मी वसतिगृह प्रवेश समितीवर होतो. पहिली गुणवत्ता यादी लागून विभागांचे प्रवेश झाले होते, वसतिगृहाची यादी मात्र लागायची होती. ती लागली त्या दिवशी दुपारी मुलींच्या वसतिगृहाच्या कार्यालयात परभणीकडचे एक गृहस्थ आले. सोबत मुलगी, पत्र्याची पेटी आणि सुतळीने बांधलेली वळकटी. मुलीचं नाव एमएस्सीच्या पहिल्या यादीत, तेही वरच्या नंबरात. वसतिगृहाच्या यादीत ती वेटिंगला होती. अर्जात 'स्थानिक पालक' असा रकाना असतो, तो त्यांनी कोरा ठेवला होता. लिपिक म्हणाला, हा भरल्याशिवाय वेटिंगचाही अर्ज घेता येणार नाही. गृहस्थ म्हणाले, "इथं आमचं कुणीच नाही, सायेब. कुणाचं नाव लिहू?" मी म्हटलं, माझं लिहा. लिपिकाने नियम दाखवला. समितीच्या सदस्याला पालक होता येत नाही. नियम बरोबरच होता.

मग बाहेरच्या खोल्यांची चौकशी झाली. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन, सोय होती, पण तीन महिन्यांचं डिपॉझिट आधी. राज्य सरकारच्या 'स्वाधार' या राहण्या-खाण्याच्या मदतीच्या योजनेत मोठ्या शहरासाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले होते. पण ते अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी, ही मुलगी त्यात बसत नव्हती. ज्यांना ते मिळतात, त्यांच्याही खात्यात पैसे येईपर्यंत सत्र सरत आलेलं असतं आणि खोलीमालक तोवर थांबत नाही. मैत्रिणीच्या खोलीत चोरून राहा, असं मी समितीवर बसून सांगू शकत नव्हतो. वसतिगृहात अशा मुलांना 'पॅरासाइट' म्हणतात. मुलं आपसात सहज म्हणतात, पण मला तो शब्द आजही सहन होत नाही.

संध्याकाळपर्यंत ते तिघे, म्हणजे बाप, लेक आणि ती पेटी, व्हरांड्यातच होते. मुलगी एक शब्द बोलली नाही. जाताना वडील मला म्हणाले, "राहायची सोय नव्हती, तर पोरीला बोलावलं कशाला, सर?" दुसऱ्या दिवशी प्रवेश रद्द झाला. ती जागा स्पॉट राउंडला, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीत, भरली गेली. तिच्यापेक्षा बरेच कमी गुण असलेला, शहरात स्वतःचं घर असलेला मुलगा तिथे बसला. त्या मुलाचा काहीच दोष नाही. पण आपण गुणानुक्रमे प्रवेश देतो, हे विद्यापीठाच्या माहितीपत्रकातलं वाक्य त्यानंतर मला वाचवेना. त्या जागेवर कोण बसणार, हे अखेर खाटेनेच ठरवलं.

पुढच्या वर्षी जागावाढीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला. निदान आला तरी. एरवी असे निर्णय कुलगुरू विद्यापीठ कायद्याच्या कलम 12(7)मधल्या तातडीच्या अधिकारात घेऊन मोकळे होतात आणि परिषदेला नंतर कळवतात. मी एवढंच विचारलं, की वाढीव मुली राहणार कुठे? उत्तर मिळालं, तो विषय या सभागृहाचा नाही. कायद्याने तेही खरंच आहे. 2016च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात शैक्षणिक बाबी विद्वत परिषदेकडे, इमारतींसाठी वेगळी समिती, पैशाला वित्त व लेखा समिती आणि वर व्यवस्थापन परिषद. जागा वाढवणारे आणि खोल्या बांधणारे एका टेबलाशी कधी बसतच नाहीत. केंद्रीय शिक्षणसंस्थांत 27 टक्के ओबीसी आरक्षण आणताना खुल्या जागा घटू नयेत म्हणून एकूण जागा 54 टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. तेव्हा काँग्रेस नेते वीरप्पा मोईलींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, टप्पे पाडले गेले, इमारतींचा आणि शिक्षकांचा खर्च मांडला गेला. आमच्या ठरावासोबत खर्चाचा एक कागदही नव्हता. मी विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावला. ठराव मंजूर झाला.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर हे लिहिण्यात अर्थ नाही. विद्यार्थी असताना मी स्वतः जागावाढीच्या मोर्चात घोषणा दिल्या आहेत. आधी दार उघडा, आतलं आम्ही बघून घेऊ, असं तेव्हा माझं म्हणणं होतं. तो पोरगा आज समोर आला तर माझ्याशी कडाकडा भांडेल. त्याच्याकडे मुद्दाही आहे: आधी वसतिगृह म्हणत बसलो तर वसतिगृहही होत नाही आणि जागाही वाढत नाहीत. गर्दी झाल्याशिवाय सरकार बांधकामाला पैसे देत नाही, हे मीही पाहिलंय. मी त्याला उलट एवढंच विचारीन, की तू आतलं बघून घेतलंस, कारण तुला खाट मिळाली होती. जिला मिळाली नाही, तिने काय बघून घ्यायचं?

वाढीव जागांवर आलेली एक विद्यार्थिनी आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. ती दोन वर्षं मैत्रिणीच्या खोलीत, तपासणी आली की मागच्या जिन्याने बाहेर पडत राहिली. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, "सर, त्या दिवशी तुमचं ऐकलं असतं, तर मी आज शिकवत नसते." मी तिला परभणीच्या मुलीबद्दल सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिला कुणी मैत्रीण भेटली नाही, सर. मला भेटली."

तो ठराव उद्या तसाच, खोल्यांचा हिशेब न जोडता आला, तर मी पुन्हा विरोधच करीन. ती सभागृहात असेल तर बाजूने मत देईल, आणि तिचं चुकतंय असं मला म्हणता येणार नाही.