सावनेरच्या खाणीतले छत

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने सावनेरकडे जाताना दोन्ही बाजूंना कपाशीची वावरे आणि संत्र्याचे बगीचे लागतात. त्यांच्या खाली कोळसा आहे, हे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या पाट्या दिसेपर्यंत जाणवतही नाही. येथील भूमिगत खाण पाहण्याची सोय पर्यटकांसाठी २०१६ साली सुरू झाली. मोबाइल आणि काडेपेटी वर ठेवून, टोपीला दिवा अडकवून आम्ही ओव्हरमनच्या, म्हणजे खाणीतल्या देखरेख करणाऱ्या मुकादमाच्या, मागोमाग खाली उतरलो.

कोळशात गल्ल्या खोदायच्या आणि छत पेलण्यासाठी मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब राखायचे, ही येथील पद्धत. पूर्वी सुरुंगाने फोडलेला कोळसा मजूर टोपल्यांनी डब्यांत भरत असत. ते कष्ट आता एसडीएल नावाचे विजेवरचे यंत्र करते. ते कोळसा उचलून बाजूच्या सरकत्या पट्ट्यावर ओतते. कंटिन्युअस मायनर त्याच्याही पुढचा. त्याचा दातेरी रोलर सुरुंगाशिवाय कोळसा कापतो, यंत्रच तो भरते, आणि चालक हातात रिमोट घेऊन आधार दिलेल्या छताखाली उभा राहतो. किती टन कोळसा निघाला यापेक्षा माणूस आणि उघडे छत यांच्यातले हे अंतर मला फार मोलाचे वाटते. हवेत मिथेन हा पेट घेणारा वायू सव्वा टक्क्यावर गेला, की वीज बंद करावी लागते, हेही तिथेच कळले.

मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो रूफ बोल्टपाशी. छताला भोक पाडून त्यात रेझिनच्या, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाच्या, कांड्या सारतात आणि पोलादी सळई फिरवत आत घालतात; कांड्या फुटून रेझिन काही वेळातच घट्ट होते आणि दगडाचे सुटे थर एकमेकांना शिवल्यासारखे बांधले जातात. एवढे असूनही ओव्हरमनच्या हातात काठी होतीच. त्यांनी छतावर दोन ठिकाणी ठोकले.

"आयका भाऊ, हा भरीव हाय. अन् हा पोकळ."

काठी माझ्याही हाती दिली. फरक मला दुसऱ्या खेपेला कळला. पोकळ आवाज म्हणजे थर सुटलेला; त्या जागी त्यांनी खडूने फुली मारली आणि तिथे बोल्ट वाढवण्यास सांगितले. परतताना प्रत्येक वळणावर ते पुढे होऊन छत ठोकत, आणि त्यांचा "चला" ऐकू येईपर्यंत आम्ही मागे थांबत होतो.