दीड-दोन वर्षांच्या मुलासोबत ऑक्टोबर: भोपळे, पानं आणि थोडंसं हॅलोविन

अमेरिकेत सप्टेंबर संपत आला की दुकानं केशरी होतात. घरात दीड ते तीन वर्षांचं मूल असेल, तर आईबाबांचं सगळं लक्ष ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोविनच्या संध्याकाळकडे लागतं. त्या दिवशी मुलं सोंगं घेऊन घरोघरी खाऊ मागत फिरतात. खरं म्हणजे या वयाच्या मुलाला त्या संध्याकाळचं फारसं अप्रूप नसतं. अंधार, गारठा, अनोळखी दारं आणि मुखवटे घातलेली मोठी मुलं, हे सगळं नेमकं जेवणझोपेच्या वेळी त्याच्या अंगावर येतं. त्याला आवडतं ते दिवसाउजेडी हाताने चिवडण्यासारखं काहीतरी. तेव्हा मजा महिनाभर वाटून घ्यावी आणि ३१ तारीख अर्ध्या तासात उरकावी, हे आमचं सरळ मत.

सुरुवात सफरचंदांनी करा. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन या भागांत मॅकिन्टॉश जातीचं सफरचंद सप्टेंबरमध्येच तयार होतं आणि फुजी ऑक्टोबर उलटेपर्यंत मिळतं. बागेत फळं आपणच तोडायची, पैसे पिशवीच्या मापाने घेतात. पेक म्हणजे साधारण दहा-बारा पौंड, अर्धं बुशेल म्हणजे वीसच्या आसपास. लहान मूल सोबत असेल तर पेकच घ्या, कारण परत येताना एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पोर असतं. फळ ओढायचं नाही, तळहातात धरून वर उचलायचं आणि पिरगळायचं. ओढलं की फांदीला हिसका बसतो आणि शेजारची फळं गळतात. कच्च्या सफरचंदाची जाड फोड या वयात घशात अडकू शकते, म्हणून किसून, कागदासारखी पातळ चकती करून किंवा वाफवून द्या.

बागेतल्या सायडरबद्दल, म्हणजे सफरचंदाच्या ताज्या रसाबद्दल मात्र चौकशी केल्याशिवाय पेला मुलाच्या हातात देऊ नका. पाश्चराइज न केलेल्या रसात ई. कोलायसारखे जंतू असू शकतात आणि लहान मुलांना त्यांचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो. बाटलीबंद कच्च्या रसावर तशी सूचना छापणं बंधनकारक आहे, पण पेल्याने विकल्या जाणाऱ्या रसाला तो नियम लागू नाही. म्हणजे गल्ल्यावर विचारण्यावाचून पर्याय नाही. कच्चा सायडर घरी आणला असेल तर खळखळून उकळा आणि मग कोमट करून द्या.

पंपकिन पॅचला, म्हणजे भोपळ्याच्या शेतावर, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, शेत उघडल्या उघडल्या जा. ऑक्टोबरमधल्या शनिवार-रविवारी पार्किंगलाच तासभर गेला, तर मुलाची दुपारची झोप बुडते आणि पुढचं सगळं फिसकटतं. लहान चाकांचा स्ट्रोलर शेतातल्या चिखलात रुततो. मुलाला अंगाशी बांधायचं कॅरियर किंवा शेतावर मिळणारी ढकलगाडी बरी. गमबूट, जास्तीचे मोजे आणि पँट गाडीत ठेवा. मुलासाठी दोन-तीन पौंडांचा भोपळा पुरे, तो त्याला स्वतः कवेत घेता येतो. देठाला धरून उचलू देऊ नका. देठ तुटतो, भोपळा पायावर पडतो आणि तुटलेल्या जागेतून सड सुरू होते.

काही शेतांवर वाळूऐवजी सुक्या मक्याच्या दाण्यांचा हौद असतो. फोटो छान येतात, पण दाणे नाकाकानात घालणं हा या वयाचा आवडता उद्योग आहे, त्यामुळे तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातभर अंतरावर बसा, नाहीतर तो हौद टाळाच. शेळ्यामेंढ्यांना हात लावल्यावर साबण-पाण्यानेच हात धुवा, नुसत्या सॅनिटायझरने काम भागत नाही. मक्याच्या मोठ्या भूलभुलैयात शिरू नका. मुलांसाठी गवताच्या गठ्ठ्यांचा बुटका भूलभुलैया असतो, तो भरपूर होतो.

पानांचा रंग पाहायला मात्र कुठे लांब जायला नको. दिवस लहान होऊ लागले की पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग तेवढा मेपलसारखी काही झाडं त्या दिवसांत नव्याने तयार करतात. दिवसा ऊन आणि रात्री गार, पण गोठवणारी नाही, अशी हवा असली की लाल जास्त खुलतो. व्हरमाँटमध्ये हा बहर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतो, न्यू जर्सीत त्यानंतर. मुलाच्या हातात कागदी पिशवी द्या आणि ‘एक लाल, एक पिवळं’ एवढाच खेळ ठेवा.

घरी आल्यावर मेणकागद आणि इस्त्रीची भानगड नको. पारदर्शक चिकट कागद, चिकट बाजू आपल्याकडे करून, खिडकीच्या काचेवर मुलाच्या उंचीला टेपने लावा. तो पानं चिकटवतो, काढतो, पुन्हा चिकटवतो. पानं आधी टिपकागदाने कोरडी करा, ओली पानं दोन दिवसांत काळी पडतात आणि बुरशी धरतात.

दोन गोष्टींकडे डोळसपणे पाहा. सगळ्यात देखणं लाल पान बऱ्याचदा पॉयझन आयव्हीचं असतं. एका देठाला तीन पानं दिसली की हात लावायचा नाही, वेल वाळलेली असली तरी अंगावर पुरळ उठतं. कॅलिफोर्नियात हेच काम पॉयझन ओक करतं. दुसरं म्हणजे गोचीड. ईशान्येकडे आणि मिडवेस्टात हरणांवरच्या गोचिडी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चांगल्याच सक्रिय असतात. पानांच्या ढिगात लोळून झालं की अंघोळीच्या वेळी कानामागे, केसांच्या मुळाशी, काखेत, बेंबीत आणि गुडघ्यामागे पाहून घ्या. रस्त्याकडेच्या ढिगात तर उतरूच देऊ नका. आत मूल आहे हे गाडीवाल्याला दिसत नाही.

आता भोपळा. या वयाच्या मुलाला कोरीव कामात काही भाग घेता येत नाही, आणि सुरी हातात असताना मूल कडेला नकोच. कोरलेला भोपळा तीन ते सात दिवस टिकतो, टेक्सास-फ्लोरिडाच्या उकाड्यात त्याहून कमी. अख्खा भोपळा गार, कोरड्या जागी महिना-दीड महिना सहज राहतो. म्हणून मुलाचा भोपळा अख्खाच ठेवा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात यशस्वी खेळ म्हणजे भोपळा धुणं. परातीत कोमट पाणी, जुना ब्रश आणि चिखलाने माखलेला भोपळा, एवढ्यावर अर्धी सकाळ निघते. मग पुसून काही तास घरातच ठेवा. बाहेरून आणलेल्या गार भोपळ्यावर दव धरतं, त्यावर स्टिकर टिकत नाहीत आणि मूल चिडतं. रंगवायचं असेल तर सालीवरचा मेणचटपणा व्हिनेगरच्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर धुता येणारा पातळ रंग थेंब थेंब होऊन ओघळतो. रंगात थोडा पांढरा शालेय गोंद मिसळला की तो धरतो. पसारा नको असेल तर छोटा भोपळा मोठ्या झिपलॉक पिशवीत घाला, दोन-तीन रंगांचे ठिपके टाका, पिशवी बंद करून वर टेप मारा आणि बाहेरून चोळू द्या. रंगवलेला भोपळा पावसात ठेवला तर रंग पायऱ्यांवर उतरतो, तोही पाहा.

मोठ्यांना कोरायचाच असेल तर भोक वरून नाही, बुडाला पाडा. देठ शाबूत राहतो, झाकण आत कोसळत नाही आणि दिव्यावर भोपळा नुसता उपडा ठेवता येतो. पुढची भिंत इंचभर जाडीची होईपर्यंत खरवडा, जाड राहिली तर उजेड बाहेर पडत नाही. आतला गर आणि बिया ताटात काढून मुलाला चिवडू द्या. काहींना तो बुळबुळीत स्पर्श अजिबात आवडत नाही, त्यांच्या हातात चमचा द्या. भाजलेल्या अख्ख्या बिया चार वर्षांखालच्यांना देऊ नका.

दिव्याच्या बाबतीत आम्ही जरा कडक आहोत. खरी मेणबत्ती नको, हे सगळे सांगतात. पण तिच्याऐवजी येणाऱ्या चिमुकल्या एलईडी पणत्यांमध्ये बहुधा बटण सेल असतो, आणि गिळलेला बटण सेल अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर भाजू शकतो. अमेरिकेत २०२२ मध्ये यासाठी रीसेज लॉ नावाचा कायदाच झाला. तरी जुने आणि स्वस्त दिवे घरोघरी आहेत. स्क्रूने बंद होणारं झाकण आहे का पाहा, किंवा सरळ एए सेलवाला दिवा घ्या. गिळल्याची शंका आली तरी लगेच इमर्जन्सी गाठायची, उलटी करवायची नाही. दिवाळीच्या माळा आणि पणत्यांनाही हाच नियम, आणि आपल्याकडे दोन्ही सण अनेकदा एकाच पंधरवड्यात येतात. २०२४ ला तर नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती.

कोरायच्या मोठ्या भोपळ्याचे घारगे करायला जाऊ नका. तो पाणचट आणि तंतुमय असतो, पीठ जास्त लागतं आणि घारगे चिवट होतात. ‘पाय पंपकिन’ (pie pumpkin) नावाचा खायचा छोटा भोपळा घ्या, किंवा बटरनट स्क्वॉश, तो आपल्या लाल भोपळ्याच्या चवीला जास्त जवळ जातो. एक वाटी कीस, पाऊण वाटी गूळ, गूळ विरघळून कीस शिजेपर्यंत परता. गार झाल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक, साधारण दीड वाटी, दोन चमचे तांदळाची पिठी आणि चिमूटभर मीठ घाला. पाणी अजिबात नको. मुलासाठी गूळ निम्मा करा आणि तळण्याऐवजी तव्यावर तूप सोडून मऊ भाजा.

कॉस्च्यूम दोन भागांचा असावा, डायपर बदलताना कळेल का ते. आत स्वेटर बसेल असा एक माप मोठा, घोट्याच्या वर, आणि टोपीऐवजी अंगरख्यालाच जोडलेलं हूड असलेला. मुखवटा नको, त्यातून नीट दिसत नाही. आठवडाभर आधीपासून घरात रोज दहा मिनिटं घालू द्या. बाल शिवाजी करायचा असेल तर शिवलेलं धोतर घ्या, नेसवलेलं पायात येतं. फुगीर कॉस्च्यूम घालून कार सीटचे पट्टे बांधू नका, आधी काढा. पट्टे सैल राहतात आणि धडकेत मूल निसटतं. चमकणाऱ्या ग्लो स्टिक चावून फुटतात. आतलं द्रव्य सहसा गंभीर नसलं तरी जळजळ होते आणि मूल घाबरतं. पॉयझन कंट्रोल या विषबाधेसाठीच्या मदतवाहिनीचा १-८००-२२२-१२२२ हा नंबर फोनमध्ये असू द्या.

३१ तारखेला न्यू यॉर्क आणि शिकागोच्या भागात सहाच्या आधीच सूर्य मावळतो. जेवण साडेचारला, बाहेर पाचला, घरी साडेपाचला. ओळखीची पाच-सहा घरं खूप झाली. बाहेरचा दिवा लागलेला असेल तिथेच जायचं. आदल्या दिवशी आपल्याच दारावर तालीम करा, कारण दार उघडलं की मूल सरळ आत शिरतं, त्याच्या दृष्टीने दार त्याचसाठी असतं. धूर सोडणाऱ्या आणि हलणाऱ्या सांगाड्यांची घरं दिवसा दाखवून ठेवा, संध्याकाळी टाळा. दारात निळसर-हिरवा भोपळा दिसला तर तिथे खाऊऐवजी छोट्या वस्तू मिळतात. ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी ती खूण आहे. वस्तू टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जात असेल, तर तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नका.

चार वर्षांपर्यंत कडक कँडी, कॅरमेल, गम, मार्शमॅलो, पॉपकॉर्न आणि शेंगदाणे-बदाम असलेलं काहीही नको. उरतं ते साधं मऊ चॉकलेट. मूल झोपल्यावर टोपली निवडून ठेवा, सकाळी त्याला हिशेब आठवत नाही.

२०२६ मध्ये ३१ ऑक्टोबरला शनिवार आहे आणि त्याच रात्री दोन वाजता उन्हाळी वेळ संपून घड्याळं तासभर मागे जातात. सहाला उठणारं मूल रविवारी पाचलाच जागं होईल, म्हणून शनिवारची झोप फार उशिरा ढकलू नका आणि रविवारी सकाळी कुणाला चहाला बोलावू नका.